मळीतलं मडगार्ड

शहादेव डेंटर खरं बोलत होता, आणि तेच त्याचं दुखणं झालं होतं. खोटं बोलायचा तेव्हा निदान समोरचा भांडायचा तरी. आता खरं बोलला की बायको नुसती "व्हय का" म्हणायची आणि भाकरी उलटायची.

गोष्ट त्या उन्हाळ्यातली. वडवणीपासून धारूरच्या डोंगरापर्यंत विहिरींचे तळ दिसत होते. टँकर पहाटे यायचा, कधी यायचाच नाही. छावणीत जनावरं वाळका कडबा चघळत उभी असायची. ऊस तर औषधाला नव्हता, आणि नेमकी त्याच साली आपल्या सहकारी साखर कारखान्याला पन्नास वर्षं भरली. आता बोला! गव्हाणीत टाकायला कांडं नाही, बॉयलर थंड, कामगार घरी बसलेले; पण संचालक मंडळाची बैठक बसली, चहा झाला, आणि सुवर्णमहोत्सव धूमधडाक्यात करायचा ठराव एकमताने पास झाला. ठरावाला पाणी लागत नाही, म्हणून तेवढं एक पीक आपल्याकडे दुष्काळातही येतं.

चेअरमन मोहनरावांच्या डोक्यातून निघालं, की संस्थापक चेअरमन ज्या गाडीतून पहिली मोळी टाकायला आले होते, ती जुनी लँडमास्टर रंगवून गेटवर उभी करायची. गाडी होती कारखान्याच्याच गोडाऊनमध्ये, चाकांच्या जागी विटा, आत कोंबड्यांनी मांडलेला संसार. शहादेवला बोलावणं गेलं. वडवणीत स्टँडच्या मागे त्याचं गॅरेज. ठोकलेली जीप असो की उलटलेली ट्रॉली, पत्रा सरळ करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, पण खोटं नव्हतं.

शहादेवने गाडीला फेरी मारली. खिशातला खिळा काढून मडगार्डला टोचला. खिळा आरपार गेला.

"साहेब," तो मोहनरावांना म्हणाला, "ही गाडी न्हाई, नुसतं रंगाचं थर हायेत. रंग काढला तर खाली गाडी घावंल का न्हाई, माझ्याच्यानं सांगवंना. ग्राइंडर लावला तर पत्राच उडून जाईल."

यावर तोडगा काढला राधाकिशन साहेबांनी. हे कारखान्याचे रिटायर केमिस्ट, अंगानं काडी आणि स्वभावानं लिटमस. म्हणाले, "ग्राइंडरला हात लावू नकोस. रंग कॉस्टिक सोड्याने काढ. नळ्या साफ करायला आणलेला पोत्याने पडून आहे. आणि गंज काढ मळीने."

"मळीनं?"

"मळीने. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. पत्रा बुडवून ठेव आणि विसरून जा. मळी गंज खाते, लोखंडाला हात लावत नाही."

साखर काढून झाल्यावर काकवीसारखी जी काळी, चिकट मळी उरते, ती शहादेवने कडब्यावर शिंपडताना बघितली होती, दारूच्या भट्टीवर जाताना बघितली होती. गंज खाताना बघितली नव्हती. त्याने आधी साहेबांच्या टोपीकडे आणि मग वरच्या उन्हाकडे बघितलं.

"साहेब, सावलीला या जरा. बसून बोलू."

पण साहेबांनी त्याच्यादेखत एक गंजलेला बोल्ट मळीच्या पाण्यात टाकला आणि आठवड्याने काढून दाखवला. शहादेवने एक जुनी टाकी आणवली. पाण्याचा प्रश्न होता, तोही सुटला. कारखान्याच्या मागच्या हौदात हिरवं, मचूळ पाणी साचलेलं होतं. छावणीतली तहानेली गुरंसुद्धा त्याला नाक लावून मागे फिरायची. ते पाणी पंपाने ओढलं.

कॉस्टिकचं काम मजेचं झालं. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि गरम सोड्यात बॉनेट. वरचा निळा रंग फुगून सालीसारखा निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली परत हिरवा. जो चेअरमन झाला त्याने गाडी आपल्या पॅनलच्या रंगात रंगवून घेतली होती. शहादेव एकेक थर खरवडत मोठ्याने सांगायचा, "हे गेलं मोहनराव. हे गेलं त्यांचं मेव्हणं. आता मेव्हण्यानं पाडलेलं पांढरं पॅनल." त्या नादात ॲल्युमिनियमची एक नक्षीची पट्टी बॉनेटला तशीच राहिली आणि सोड्यात फसफसून विरून गेली. पूर्वीचा शहादेव असता तर 'पट्टी आधीपास्नंच नव्हती' म्हणून मोकळा झाला असता. या शहादेवने जाऊन चेअरमनला सांगितलं, शिव्या खाल्ल्या, आणि परत आला.

हा बदल कुठून आला ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे.

शहादेव प्यायचा. थोडीथोडकी नाही, मुलगा भारत पाळण्यात होता तेव्हापासून तो पुण्याला कंपनीत लागेपर्यंत. आणि रंगाचा धंदा म्हणजे पिणाऱ्याला सोन्याची खाण. बायकोने, सरूबाईने, नाक मुरडलं की हा ठेवणीतलं उत्तर द्यायचा, "थिनरचा वास हाय." डोळे लाल का? थिनर. पाय वाकडा का पडतो? थिनर डोक्यात गेला. एकदा सणाला गॅरेज बंद होतं तरी थिनरचाच वास होता. सरूबाई म्हणायची, "व्हय का." एवढंच. मग एका अशोक विजयादशमीला ती पिशवी भरून दारात उभी राहिली. म्हणाली, "मी भारतकडं चालले. तुमी आन तुमचा थिनर सुखात ऱ्हावा." शहादेव तिच्यामागे धावत विहारापर्यंत गेला आणि तिथे सगळ्या वस्तीसमोर त्याने पंचशील नव्यानं घेतलं. पाचवं, की दारूला शिवणार नाही. आणि त्याबरोबर चौथंही, की खोटं बोलणार नाही. सरूबाईने पिशवी खाली ठेवली, पण बजावलं, "पुन्यांदा वास आला तर मी भांडनार न्हाई. गपचिप एसटीत बसंन."

तेव्हापासून त्याने थेंब घेतला नव्हता. पहाटे टँकरच्या रांगेत बायकांच्या मधोमध दोन हंडे घेऊन हा एकटा बाप्या उभा असायचा. "भाऊजी, पदर घ्या डोक्यावर," बायका म्हणायच्या. छबुबाई नावाची एक जहाल बाई होती, ती तर त्याला नळकोंडाळ्याची सून म्हणायची. शहादेव हसून घ्यायचा. रविवारी विहारात वंदनेला सगळे बसले की पाचवं शील म्हणताना सगळ्यांचा आवाज एक पट्टी वर चढायचा आणि माना हळूच त्याच्याकडे वळायच्या. त्यालाही तो हसून घ्यायचा. त्याचाच आवाज सगळ्यात मोठा असायचा.

आणि आता ही मळी आली.

पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्याने सरूबाईला कौतुकाने सगळं सांगितलं होतं. टाकी कशी, मळी किती, मडगार्डं कशी बुडवली. "आन वर काढलं की लगीच जवसाचं तेल चोळायचं बग, न्हाईतर घटकाभरात पुन्यांदा गंज चढतो. पर ह्या दुष्काळात जवस कुठलं घावतंय?"

"व्हय का," सरूबाई म्हणाली.

वैशाखाचं ऊन, गोड पाणी आणि उघडी टाकी. पुढे काय झालं ते सांगायला केमिस्ट लागत नाही. चार दिवसांत टाकीवर फेस आला, बुडबुडे उठले, आणि असा वास सुटला की छावणीतले बैल माना वर करून बघायला लागले. हातभट्टीचं रसायन आंबवलं की जो वास येतो, तो हाच. शहादेव दिवसभर त्यात हात घालून पत्रे फिरवायचा. वास सदऱ्यात बसला, केसात बसला, नखात बसला. संध्याकाळी घरात पाय टाकला आणि सरूबाईच्या हातातली परात थांबली.

"मळीचा वास हाय," शहादेव घाईने म्हणाला.

सरूबाईने त्याच्याकडे बघितलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण कुठल्या सुरात बोललो. शब्द बदलला होता, सूर जुनाच होता. थिनर गेला आणि मळी आली!

"खरंच मळीचा हाय, सरू! आईच्यान! गंज काढतोय मी गाडीचा!"

"व्हय का," सरूबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

अबोला म्हणजे पूर्ण अबोला. भाकरी ताटात पडायची, पाणी तांब्यात असायचं, शब्द तेवढा नसायचा. शहादेवने सगळे उपाय केले. हौदाच्या मचूळ पाण्याने अंग घासलं, तर मळीच्या वासात शेवाळाचा मिसळला. लिंबाचा पाला चोळला. एकदा खरोखरीचा थिनर लावून बघितला आणि घराच्या दारातूनच परत फिरला, आपण काय करून बसलो हे कळून. कोपऱ्यातल्या खुंटीवर ती पिशवी लटकत होती. रोज कामावरून आला की तो आधी खुंटीकडे बघायचा. पिशवी आहे, म्हणजे सरू आहे.

"एकडाव येऊन बग तरी टाकी," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"यीन," सरूबाई अबोला मोडून म्हणाली. "माझ्या येळंला यीन." आणि परत अबोला धरला.

त्यात सटवाने कहर केला. सटवा कारखान्याचा वॉचमन. कारखाना बंद असल्यामुळे राखायला काही नव्हतं, मग याने टाकीवर लक्ष ठेवलं. शहादेव जेवायला गेला की हा तांब्या बुडवायचा. तीन तांबे गेल्यावर गडी भर बाजाराच्या दिवशी वडवणीत गाणी म्हणत फिरला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "शहादेवदाच्या टाकीतलं लई भारी हाय! कारखाना बंद हाय कोन म्हनतंय बे?"

झालं. बाजारातून बातमी गावोगाव गेली. शहादेवने भट्टी लावली. ती पण कारखान्यात, कारखान्याच्याच मळीवर, चेअरमनच्या आशीर्वादाने. रविवारी वंदनेला पाचवं शील आलं, आणि या वेळी आवाज चढला नाही, उलट पडला. माना मात्र सगळ्या वळल्या. शहादेवने शील ओठातल्या ओठात म्हटलं. आपल्या बाजूला बसलेल्या सरूबाईकडे त्याने चोरून बघितलं. ती समोर बुद्धमूर्तीकडे बघत खणखणीत आवाजात शील म्हणत होती. बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली होती. ही सणापुरती थांबली आहे, तो झाला की जाणार, असं त्याने मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो टाकीजवळ बसला होता. मडगार्डं उद्या काढायची होती. तेवढ्यात गोडाऊनच्या बाजूने गलका आला. बघतो तर महिला मंडळाच्या बायका! कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या हातात काठी, छबुबाईच्या हातात सरळ पहार. या मंडळाने पालीपासून धारूरपर्यंत कितीतरी भट्ट्या फोडल्या होत्या. आणि मंडळाची अध्यक्ष सगळ्यांच्या पुढे होती, खांद्याला ती पिशवी अडकवून. सरूबाई.

शहादेवने आधी पिशवी बघितली. खुंटीवरून निघाली शेवटी.

"ह्यो बगा!" छबुबाई कडाडली. "आमी हंडाभर पान्यासाठी मरतोय, आन ह्यानं टाकी भरून दारू लावलीया! रांगेत लई साधा हुबा ऱ्हायचा!"

"छबूवैनी, गंजाची मळी हाय ती!"

"वास कशाचा मग?"

"मळीचाच!"

बायका हसल्या. त्या हसण्यात पंधरा-वीस घरांचे थिनर होते. छबुबाईने पहार उचलली आणि टाकीच्या तोटीवर धरली. शहादेव टाकीला पाठ लावून आडवा उभा राहिला.

"हाना! माज्यावर हाना! पर आदी आत बगा! एकडाव बगा अन् मग फोडा!" त्याचा आवाज चिरकला. "मी पेलो न्हाई. मी खरं बोलतोय आन कुनालाच ऐकू येईना!"

"थांब, छबू," सरूबाई म्हणाली. "म्हनतोय तर बगू."

तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि त्या फेसाळ काळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं. काहीतरी जड हाताला लागलं. ओढेना, तेव्हा दोघी-तिघींनी मुसळं टाकून हात दिला, आणि काळं ठिबकत एक भलंमोठं मडगार्ड वर आलं. सरूबाईने गोणपाट उचललं आणि ते पुसायला लागली. गोणपाट काळं होत गेलं, आणि त्याखालून पांढरंशुभ्र लोखंड निघालं. कंपनीतून निघालं असेल त्या दिवसासारखं कोरं. गंजाने खाल्लेली भोकं तेवढी स्वच्छ दिसत होती. ऊन त्यावर पडलं आणि छबुबाईने डोळ्यांपुढे हात धरला.

"अगं बया!" ती म्हणाली.

दोघी-तिघींनी मडगार्डला बोट लावून बघितलं. मग छबुबाईने पहार खाली टेकवली आणि तिला मुद्द्याचं आठवलं. "मग ते सटवा कशानं झिंगत हुतं?"

सटवा दाराआड उभा होता, त्याला कानाला धरून आणलं. "आ कर," छबुबाई म्हणाली. त्याने आ केला. जीभ काळी, दात काळे. दोन दिवस परसाकडच्या वाटेवर त्याचा मुक्काम का होता, ते आता सगळ्यांना कळलं.

"गाडीचा गंज पेलास की बे तू!" शहादेव ओरडला. "अर्धी लँडमास्टर तुज्या पोटात हाय!"

बायका अशा हसल्या की टाकीचा फेस हलला. सटवाने तिथल्या तिथे पोटावर हात ठेवला आणि पुन्हा परसाकडं पळाला. हसू ओसरल्यावर छबुबाई टाकीजवळ आली, आत डोकावली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, माजा कोयता टाकला तर चालंल का ह्यात? औंदा ऊस न्हाई, तोडीला गेलो न्हाई. घरात पडून लाल झालाय."

"आना की," शहादेव म्हणाला. "समद्या आना." त्याला अजून धाप लागलेली होती.

बायका कोयत्यांच्या, विळ्यांच्या आणि तव्यांच्या गप्पा मारत गेल्या. आलेल्या रस्त्याने बातमीही परत गेली, आणि या वेळी ती पहिलीपेक्षा जोरात पळाली. टाकीजवळ मडगार्ड, शहादेव आणि सरूबाई एवढेच राहिले. पिशवीही होती. शहादेव तिच्याकडे बघत नव्हता, असं दाखवत होता.

सरूबाईने पिशवीत हात घातला आणि एक बाटली काढून त्याच्यासमोर धरली.

"चोळा पटापट. घटकाभरात गंज चढतो म्हनलं हुतं."

जवसाचं तेल होतं. शहादेवने बाटली घेतली, फडक्यावर तेल ओतलं, मडगार्डवर एक हात फिरवला, आणि तो थबकला.

"ही कवा आनली?"

"मागल्या बाजारी. धारूरला गेलते तवा."

"मागल्या..." शहादेवने हिशेब जुळवला. तेव्हा तर अबोला भरात होता. "म्हंजी तुला ठावं हुतं? मी पेलो न्हाई ते?"

"पेलेला मानूस पहाटं हंडे घिऊन रांगेत हुबा ऱ्हातो व्हय?" सरूबाई दुसरं फडकं घेऊन खाली बसली आणि भोकांच्या कडांना तेल लावायला लागली. "इतकी वर्सं पेलेला बगितला मी तुमाला. मला वळखू येत न्हाई का?"

"मग ह्या बायका कावून आनल्या? जीव गेलता माजा!"

"इहारात समद्यांच्या माना वळल्या. म्या एकलीनं किती जनींला सांगत बसायचं, आन कोन ऐकनार? नवऱ्याची बाजू घेती म्हनल्या असत्या. म्हनलं, बगू द्या त्यांच्याच डोळ्यांनी."

"आन आबोला? त्यो कावून धरला?"

सरूबाईचा हात थांबला नाही. "थिनरचा वास म्या किती वर्सं गिळला?"

शहादेव खाली बघून तेच ते भोक पुसायला लागला.

"मग तुमाला थोडं दिस आबोला गिळाय काय झालं?" ती म्हणाली, आणि गालात हसली. ते हसू तिने फेस आला त्या दिवसापासून दाबून ठेवलं असणार.

शहादेव फडकं हातात घेऊन तसाच बसला. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, आणि पन्नाशी उलटलेला तो गडी बाहीने तोंड पुसायला लागला.

"काय झालं वं?" सरूबाईने विचारलं.

मळीचा वास डोळ्यांत गेला, असं तो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. ते त्याने मिटलं.

"रडू आलं," शहादेव म्हणाला.

"व्हय का," सरूबाई म्हणाली, आणि तेलाची बाटली त्याच्याकडे सरकवून दुसरं मडगार्ड काढायला उठली.